डिजिटल ट्विन: इव्हॅपरेटरच्या उदाहरणावरून थोडं सविस्तर

वाफ_आणि_व्हॅक्यूम

नमस्कार मंडळी,

औद्योगिक प्रदर्शनात गेलात की हल्ली प्रत्येक दुसऱ्या स्टॉलवर डिजिटल ट्विन, म्हणजे एखाद्या खऱ्या यंत्राची संगणकातली जुळी प्रतिकृती, दिसतो. मोठ्या पडद्यावर कारखान्याचं थ्रीडी चित्र, फिरणारे पंप, हिरवे-लाल दिवे. बघणाऱ्याचा समज होतो की ते चित्र म्हणजेच ट्विन. माझ्या मते चित्र हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. ट्विनचा जीव असतो त्या यंत्राच्या गणितात, आणि ते गणित त्याच एका यंत्राच्या ताज्या मोजमापांवर सतत दुरुस्त होत राहण्यात. एका ओळीचं चित्र नसलं तरी ट्विन चालू शकतो. हे गणित नसेल तर चित्र कितीही देखणं असो, उपयोग शून्य.

मी प्रोसेस इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम करतो, साखर कारखान्यांशी रोजचा संबंध आहे. त्यामुळे उदाहरण तिथलंच घेतो.

स्वच्छ केलेला उसाचा रस इव्हॅपरेटरला, म्हणजे रस आटवणाऱ्या संचाला, येतो तेव्हा त्याचं ब्रिक्स साधारण १५ असतं, म्हणजे १०० किलो रसात १५ किलो विरघळलेले घटक. सिरप होऊन बाहेर पडताना ते ६० च्या आसपास हवं. तासाला १०० टन रस धरला तर ७५ टन पाणी उडवायचं आणि २५ टन सिरप पॅनला, म्हणजे साखरेचे दाणे पाडणाऱ्या भांड्याला, द्यायचं. एवढं पाणी थेट बॉयलरच्या वाफेवर उडवणं कुणाला परवडणार नाही, म्हणून चार किंवा पाच बॉड्या, म्हणजे रस उकळण्याची बंद भांडी, ओळीने जोडतात. पहिल्या बॉडीतून निघालेली वाफ दुसरीला तापवते, दुसरीतली तिसरीला. शेवटच्या बॉडीत ६५० मिमीच्या आसपास व्हॅक्यूम असतो, त्यामुळे तिथं रस ६० अंशांच्या आतच उकळतो. नॉर्बर्ट रिलियो यांनी अमेरिकेत १८४३ आणि १८४६ साली या रचनेची पेटंटं घेतली. तत्त्व आजही तेच आहे.

अडचण स्केलची. रस नळ्यांच्या आतून जातो आणि त्यातले क्षार आतल्या भिंतीला धरतात. सुरुवातीच्या बॉड्यांत फॉस्फेट जास्त, शेवटच्या बॉड्यांत सिलिका, आणि ही सिलिका निघता निघत नाही. थर वाढला की उष्णता कमी जाते आणि सिरप पातळ यायला लागतं. समजा ६० ऐवजी ५४ ब्रिक्स आलं. मग २५ टनांऐवजी जवळपास २७.८ टन सिरप पॅनला जातं, म्हणजे तासाला २.८ टन जादा पाणी पॅनमध्ये उडवावं लागतं. पॅन एकाच टप्प्यात उकळतो, तिथं टनाला जवळपास टनभर वाफ लागते. चार बॉड्यांच्या संचात तेच काम साधारण पाव टनात झालं असतं. पॅनला इव्हॅपरेटरच्याच बॉडीची वाफ दिली तर नुकसान थोडं कमी होतं, पण होतंच. को-जनरेशन, म्हणजे त्याच वाफेवर वीजनिर्मिती, असेल तर ही वाफ म्हणजे थेट बगॅस (उसाचं चिपाड) आणि वीज.

आता प्रत्येक बॉडीला लागू पडणारं साधं समीकरण बघा. गेलेली उष्णता = संक्रमण गुणांक × नळ्यांचं क्षेत्रफळ × तापमानातला फरक. क्षेत्रफळ ड्रॉइंगवर आहे. तापमान आणि दाब मोजले जातात. कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, किती निघालं यावरून उष्णता कळते. उरतो गुणांक, म्हणजे उष्णता किती सहज पार जाते त्याचा आकडा, आणि तो थेट मोजता येत नाही, काढावा लागतो. ट्विन हा गुणांक चारही बॉड्यांसाठी दर काही मिनिटांनी काढत राहतो. मग त्याला प्रश्न विचारता येतात. तिसरी बॉडी आज कॉस्टिक सोड्याने सफाईला घेतली तर काय, आणि गाळप थोडं उतरवून तीन दिवस ढकललं तर काय? दोन्हींत ब्रिक्स कुठे राहील, वाफ किती जाईल? उत्तर 'साधारण' कारखान्याचं येत नाही, तुमच्या त्या बॉडीचं येतं. तिची मागची सफाई कशी झाली होती हेही त्यात आलेलं असतं.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग सांगतो. गुणांक दोन तऱ्हेने पडतो. स्केलने पडतो तेव्हा दिवसेंदिवस हळूहळू. कॅलेंड्रियात, म्हणजे बॉडीतल्या नळ्यांभोवतीच्या वाफेच्या कप्प्यात, हवा आणि पाण्यात न बदलणारे वायू साठले की मात्र तो एखाद्या शिफ्टमध्येच घसरतो, आणि व्हेंटचा वॉल्व्ह थोडा उघडला की परत वर येतो. नुसतं ब्रिक्स बघणाऱ्याला दोन्हींत 'सिरप पातळ' एवढंच दिसतं आणि बॉडी विनाकारण सफाईला जाते. उतरणीचा आकार बघणाऱ्याला कारण दिसतं.

इतर उद्योगांतल्यांनी आपापली उदाहरणं जरूर द्यावीत.

अनुजा_चिंचवड

फार छान लिहिलंय. पण एक शंका. आमच्या प्रेस शॉपला स्काडा (यंत्रांवर नजर ठेवणारी संगणक यंत्रणा) आहे, ट्रेंड दिसतात, मर्यादा ओलांडली की अलार्म येतो. डिझाइनवाले सिम्युलेशनही करतात. मग ट्विन म्हणजे या दोघांवर लावलेली नवी पाटी आहे का?

वाफ_आणि_व्हॅक्यूम

अनुजाताई, प्रश्न नेमका आहे. २०१८ मध्ये क्रित्झिंगर आणि सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात याची सोपी वर्गवारी केली, मला ती पटते. माहिती माणसाने हाताने भरायची असेल तर ते डिजिटल मॉडेल. यंत्राकडून माहिती आपोआप येते पण उलट दिशेने काही जात नाही, तर ती डिजिटल शॅडो. दोन्ही दिशांनी आपोआप देवाणघेवाण होते, तो ट्विन.

तुमचं डिझाइन सिम्युलेशन पहिल्या गटातलं. ते कोऱ्या, ड्रॉइंगबरहुकूम प्रेसचं असतं. दहा वर्षं चाललेल्या, गाइड झिजलेल्या प्रेसचं नसतं. स्काडा आहे ते दाखवतो, काय असायला हवं होतं ते त्याला माहीत नसतं. त्याचा अलार्मही ठरावीक मर्यादेवर बसवलेला असतो, त्यामुळे बऱ्याचदा वरातीमागून घोडं. ट्विन म्हणतो, आत्ताचा लोड, आत्ताचं तापमान आणि या यंत्राचा इतिहास धरला तर आकडा अमुक हवा होता, तुमचा तमुक आहे. मर्यादेच्या बरंच आत असतानाही हा फरक दिसतो.

खरं बोलायचं तर बाजारात ट्विन म्हणून विकलं जाणारं बरंचसं काम शॅडो या पायरीवर आहे. माझं वरचं उदाहरणही. निर्णय चीफ केमिस्टच घेतात, आणि सफाईच्या बाबतीत तो त्यांनीच घ्यावा असं माझं मत आहे.

आकाशयात्री

इतिहासाची थोडी भर. बहुतेक जण याची सुरुवात अपोलो १३ पासून सांगतात. एप्रिल १९७० मध्ये चंद्राच्या वाटेवर ऑक्सिजनची टाकी फुटली. जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये तशीच परिस्थिती उभी करून परतीच्या क्रिया आधी पारखल्या गेल्या. जर्मन गोवराचा (रुबेला) संसर्ग झाल्याच्या संशयावरून ऐनवेळी वगळलेले केन मॅटिंग्ली याच कामात होते. थंड पडलेलं कमांड मॉड्यूल मोजक्या बॅटरी-विजेत पुन्हा चालू कसं करायचं, तो क्रम ठरवण्यात त्यांचा हात होता.

कल्पना औद्योगिक रूपात मांडली ती मायकेल ग्रीव्ह्ज यांनी, २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठात, उत्पादनाच्या आयुष्यभराच्या व्यवस्थापनाबद्दल बोलताना. खरी वस्तू, आभासी वस्तू आणि दोघांना जोडणारी माहिती, असे तीन भाग. 'डिजिटल ट्विन' हे नाव मात्र नासाच्या जॉन विकर्स यांचं, २०१० च्या सुमारास नासाच्या आराखड्यांत ते आलं.

विमान उद्योगाने ते का उचललं हे समजण्यासारखं आहे. एकाच बॅचची दोन इंजिनं घ्या. एक वाळूच्या प्रदेशातल्या विमानतळांवरून छोट्या फेऱ्या करतं, दुसरं समुद्रापलीकडच्या लांब फेऱ्या. तास सारखे भरले तरी टर्बाइनच्या पात्यांची झीज सारखी नसते. प्रत्येक उड्डाण म्हणजे तापणं आणि थंड होणं, धातूला थकवा त्या फेऱ्यांनी येतो. म्हणून सरासरीवर न जाता त्या सिरियल नंबरच्या इंजिनाचा हिशोब ठेवायचा.

सोहम_श्टुटगार्ट

@आकाशयात्री, अपोलो १३ ला ट्विन म्हणणं मला पटत नाही. सिम्युलेटर थोर होते, माणसं त्याहून थोर. पण यानाची स्थिती सिम्युलेटरमध्ये आपोआप उतरत नव्हती. आकडे वाचून माणसं स्विच लावत होती. वाफ_आणि_व्हॅक्यूम यांच्याच वर्गवारीत ते पहिल्या पायरीवर बसतं. मागे वळून सगळ्यालाच ट्विन म्हणायला लागलो तर शब्दाला अर्थ उरणार नाही.

इथे कारखान्यांत आता मानकांची भाषा जास्त ऐकू येते. उत्पादन क्षेत्रासाठी आयएसओ २३२४७ हे मानक २०२१ मध्ये आलं. त्यात आधी कशाचा ट्विन करायचा ते नेमकं सांगावं लागतं: यंत्र, माणूस, माल की प्रक्रिया. रोजच्या कामात हाच मुद्दा सर्वांत आधी नजरेतून सुटतो. 'आपल्या प्लांटचा ट्विन करू' अशी सुरुवात झालेली कामं वर्षभर मीटिंगांतच फिरतात. 'या ओव्हनच्या तिसऱ्या झोनचं तापमान का हलतं' अशी सुरुवात झालेली कामं पार पडतात.

आकाशयात्री

वर्गवारीच्या काटेकोर अर्थाने तुमचं बरोबर. पण त्या सिम्युलेटरमध्ये फुटलेल्या टाकीचं, विजेच्या टंचाईचं, त्याच एका यानाचं ताजं चित्र उतरवलं होतं. 'नमुन्याचं यान' ते 'हे यान' हा टप्पा तिथं ओलांडला गेला, तो मला आपोआप माहिती येण्यापेक्षा मोठा वाटतो. यावर आपलं एकमत होणार नाही बहुतेक.

निवृत्त_शिफ्टवाला

धागा वाचून बरं वाटलं. उभी नोकरी बॉइलिंग हाउसमध्ये गेली, म्हणून एक सांगतो. सगळं खरं, पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सिरपच्या लाइनवरच्या, ब्रिक्स मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या प्रिझमवरही थर बसतो आणि आकडा सरकतो. फ्लोमीटर गाळप सुरू होताना बरोबर, मध्यावर कुणाला ठाऊक. मीटर खोटं बोलायला लागलं तर तुमचा ट्विन कुठे जातो?

वाफ_आणि_व्हॅक्यूम

काका, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. याचं उत्तर हिशोबातच आहे. विरघळलेले घटक इव्हॅपरेटरमध्ये ना तयार होतात ना नाहीसे होतात. आत १०० टन गुणिले १५, बाहेर २५ टन गुणिले ६०. दोन्हीकडे १५०० यायला हवेत. एका बाजूला १५०० आणि दुसऱ्या बाजूला १६२० येत असतील तर कुठलं तरी मीटर चुकतंय. पाण्याचा ताळेबंद वेगळा घालायचा, उष्णतेचा वेगळा. तिन्ही एकत्र बघितले की संशयित मीटर बहुतेक वेळा एकटं पडतं. त्यावर लॅबमधलं हाताने काढलेलं ब्रिक्स असतंच, ते पंच म्हणून वापरायचं. मोजमापांवर किती आणि गणितावर किती विश्वास ठेवायचा हे सतत तोलत राहणारी पद्धत रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये दिली. काल्मन फिल्टर म्हणतात तो हाच, आजच्या कितीतरी ट्विनच्या पोटात तो बसलेला आहे.

कॉस्टिकनंतर गुणांक पूर्वीच्या पातळीवर परत आला नाही, तर सफाई अर्धवट झाली हेही कळतं. नळ्या ब्रशने पुन्हा मारायच्या की नाही यावरचा वाद त्यामुळे आकड्यावर मिटतो.

बेअरिंग६२०५

मेंटेनन्सवाल्यांच्या बाजूने. माझं नाव ज्यावरून आहे त्या बेअरिंगचंच बघा. ६२०५ मध्ये ९ गोळ्या असतात. बाहेरच्या रिंगवर एक खड्डा पडला तर शाफ्टच्या एका फेऱ्यात सरासरी ३.५८५ ठोके बसतात, आतल्या रिंगवर पडला तर ५.४१५. मोटर १४४० आरपीएमने फिरत असेल, म्हणजे सेकंदाला २४ फेरे, तर बाहेरच्या दोषाची खूण ८६ हर्ट्झला आणि आतल्या दोषाची १३० हर्ट्झला. लोड कमी होऊन गती १४७० झाली की तीच ८६ ची खूण ८८ वर जाते. म्हणून कंपनाचा आलेख त्या क्षणाच्या गतीशी जोडला नाही तर खूण हातातून निसटते. मॉडेलचं काम तिथं आहे.

नुसता 'कंपन वाढलं' हा निरोप आम्हाला पुरत नाही. कपलिंग हललंय, फाउंडेशन सैल आहे की बेअरिंग गेलंय, यावर कुठला माणूस आणि कुठला स्पेअर घेऊन जायचं ते ठरतं.

रेवा_कुलकर्णीवाडी

मी मनुष्यबळ विभागात काम करते, म्हणून वेगळ्या बाजूने विचारते. यंत्राच्या प्रत्येक मिनिटाची नोंद राहते म्हणजे ते चालवणाऱ्याच्याही प्रत्येक मिनिटाची राहते. वॉल्व्ह कुणी उशिरा उघडला, कुणी पॅनेल सोडलं. ही माहिती माणसाला पकडण्यासाठी वापरली गेलेली मी पाहिली आहे, आणि त्यानंतर लोक मोकळेपणाने काही सांगेनासे होतात. याचा विचार बसवतानाच होतो का?

निवृत्त_शिफ्टवाला

रेवाताई, तुम्ही फार महत्त्वाचं बोललात. आमच्याकडे जुने पॅनमन होते. प्रूफ स्टिकने पॅनमधला माल काढायचे, काचेवर पसरायचे आणि दिव्यासमोर धरून सांगायचे, अजून थोडं पाणी दे, दाणा फुटतोय. ते ज्ञान कुठल्याही मीटरमध्ये नव्हतं. ते मॉडेलमध्ये उतरवायचं असेल तर आधी त्या माणसाला विचारावं लागेल, आणि शिक्षेची भीती असली तर तो तोंड उघडणार नाही. मॉडेल करणारे पोरं-पोरी आठवडाभर पॅन फ्लोअरवर उभे राहिले पाहिजेत, उन्हाळ्यात नाही, ऐन गाळपात.

वाफ_आणि_व्हॅक्यूम

रेवाताई, प्रामाणिक उत्तर द्यायचं तर बहुतेक ठिकाणी नाही होत. माझा आग्रह असा की बसवण्याआधीच युनियन आणि व्यवस्थापनाने लिहून ठरवावं: नोंदी यंत्रासाठी वापरायच्या, कारवाईसाठी नाही, आणि पडद्यावर जे साहेबांना दिसतं तेच ऑपरेटरलाही दिसायला हवं. दुसरी गोष्ट केल्यावर फार फरक पडतो. आपल्या हातातल्या बॉडीचा गुणांक समोर दिसला की ऑपरेटर स्वतःहून व्हेंट सांभाळतो.

कुंपण_आणि_किल्ली

सायबर सुरक्षेच्या बाजूने एक इशारा. आजवर वेगळं राहिलेलं पीएलसीचं, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या कंट्रोल-संगणकांचं, जाळं ट्विनसाठी ऑफिसच्या नेटवर्कला किंवा क्लाउडला जोडलं जातं. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा संगणकी किडा आठवा. इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातल्या सेंट्रिफ्यूजची गती तो बिघडवत होता आणि कंट्रोल रूमला मात्र आधी टिपून ठेवलेले निरोगी आकडे दाखवत होता. त्याच आकड्यांवर जगणारा ट्विनही 'सर्व ठीक' म्हणाला असता. त्यामुळे दोन आग्रह. माहिती बाहेर जाण्याची वाट एकेरी असू द्या, बाहेरून आत काहीही येणार नाही अशी. आणि एखादं तरी मोजमाप त्या पीएलसीतून न येता पूर्ण वेगळ्या वाटेने यावं, उदाहरणार्थ मोटरचा विद्युतप्रवाह.

मेकॅनिकल_तिसरं_वर्ष

सर, मला यात काम करायचं आहे. कुठलं सॉफ्टवेअर शिकू? कॉलेजात सगळे थ्रीडी गेम इंजिनच्या कोर्सला जातायत.

सोहम_श्टुटगार्ट

आधी थर्मोडायनॅमिक्स, हीट ट्रान्सफर आणि कंट्रोलचे पेपर मनापासून कर. मग पायथन. नंतर ओपनमॉडेलिका हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर उतरवून घे, फुकट आहे. टाकी, पंप आणि वॉल्व्ह जोडून बघ. एका सॉफ्टवेअरमधलं मॉडेल दुसऱ्यात नेण्यासाठी एफएमआय नावाचं मानक आहे, ते समजून घे. यंत्राशी बोलण्यासाठी ओपीसी यूए आणि एमक्यूटीटी ही माहितीच्या देवाणघेवाणीची मानकं. प्रोजेक्ट म्हणून हॉस्टेलच्या गच्चीवरचा सोलर हीटर घे. चार तापमानं मोज, गणित मांड, आणि गणित व मोजमाप का जुळत नाही ते शोध. मुलाखतीत त्यावर तासभर बोलता येईल.

गोकुळशिरगावकर

सगळं वाचलं. आमची छोटी फाउंड्री आहे, एक इंडक्शन फर्नेस. क्लाउड वगैरे आमच्या आवाक्यातलं नाही. आमच्यासाठी यात काही आहे का, की हे मोठ्यांचंच काम?

वाफ_आणि_व्हॅक्यूम

आहे, आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी हे करावंच असं मला मनापासून वाटतं. लायनिंगपासून, म्हणजे भट्टीच्या आतल्या अस्तरापासून, सुरू करा. लायनिंग झिजून पातळ झालं की वितळलेलं लोखंड कॉइलच्या जवळ येतं. मग तेवढ्याच व्होल्टेजला फर्नेस जास्त पॉवर ओढते आणि फ्रिक्वेन्सी वर सरकते. हे आकडे तुमच्या पॅनेलवर आजही दिसतात, फक्त कुणी टिपून ठेवत नाही. नवीन रॅमिंग केल्यापासून (अस्तर ठोकून बसवल्यापासून) प्रत्येक हीटला (वितळवणीला) एकाच स्थितीत, म्हणजे भट्टी पूर्ण भरलेली आणि टॅपिंगच्या, म्हणजे धातू ओतून घेण्याच्या, तापमानाला असताना, व्होल्टेज, पॉवर, फ्रिक्वेन्सी आणि हीटचा क्रमांक लिहा. लायनिंग काढताना तळाची आणि भिंतीची खरी जाडी मोजा. दोन-तीन लायनिंगचा इतिहास झाला की आकडे आणि जाडी यांचं नातं तुमच्या भट्टीपुरतं बसवता येतं. सुरुवातीला साधी एक्सेल शीट पुरेल. नंतर एनर्जी मीटरमधून आकडे आपोआप घ्यायचे, तो खर्च मोठा नाही. टनाला किती युनिट पडले तेही त्याच पत्रकात येईल. लोखंडासाठी ५५० ते ६५० हा साधारण पल्ला, आपण कुठे आहोत ते बघता येईल.

एक गोष्ट मात्र ठाम सांगतो. या आकड्यांवर विसंबून ग्राउंड लीकेज डिटेक्टर (धातू कॉइलकडे पोचत असल्याचा इशारा देणारा) बंद करायचा नाही आणि थंड भट्टीची प्रत्यक्ष तपासणी सोडायची नाही. कॉइलमध्ये पाणी असतं. धातू तिथवर पोचला तर स्फोट होतो, माणसं जातात.

गोकुळशिरगावकर

हे जमण्यासारखं आहे. पण आमचा चार्ज, म्हणजे भट्टीत टाकायचा माल, रोज बदलतो. कधी रिटर्न (आमचाच पुन्हा वितळवायचा माल) जास्त, कधी गंजका स्क्रॅप. त्याने पॉवर हलणारच की, मग लायनिंगचं कसं ओळखायचं?

वाफ_आणि_व्हॅक्यूम

म्हणूनच भट्टी भरलेली आणि सगळं वितळलेलं असतानाच रीडिंग घ्यायचं. घन तुकडे आहेत तोवर आकडे चार्जप्रमाणे नाचतात. एकदा सगळा रस झाला की चार्ज कशाचा होता याचा परिणाम बराच कमी होतो. तरी पत्रकात एक रकाना चार्जसाठी ठेवा: रिटर्न किती, स्क्रॅप किती, पिग आयर्न किती. वाळू-गंज जास्त असला की स्लॅग (धातूवर येणारा मळ) वाढतो, तो लायनिंग खातो आणि टनामागे युनिटही वाढवतो, त्यामुळे हा रकाना पुढे कामाला येईलच. रीडिंग कुणी घेतलं त्याचं नाव लिहू नका, शिफ्ट पुरे. पहिल्या लायनिंगचं पत्रक भरलं की इथेच टाका, आलेख मी काढून देतो.